न्यू जर्सीचे तृणक्षेत्र

अमेरिकेस जाऊन आलेल्या आपल्या लोकांची प्रवासवर्णने वाचावयास घेतली, म्हणजे त्यांत न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, नायगाऱ्याचा धबधबा आणि वॉशिंग्टन येथील स्मारके ही ठरलेली असतात. ती पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. आम्हीही ती पाहिली. परंतु त्या देशात जी वस्तू प्रवाशाच्या दृष्टीसमोरून क्षणभरही हलत नाही, तिजविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ती वस्तू म्हणजे गवत. शहराची दाटी संपून वस्ती विरळ झाली, की प्रत्येक घरापुढे हिरवळीचा एक तुकडा सुरू होतो. दोन घरांमध्ये बहुधा कुंपण नसते; त्यामुळे एकाची हिरवळ दुसऱ्याच्या हिरवळीस मिळते आणि सबंध रस्त्याच्या कडेने एकच लांबरुंद गालिचा अंथरल्याचा भास होतो.

आपल्याकडे घराची पारख अंगणावरून होते. सडा पडला आहे किंवा नाही, रांगोळी उमटली आहे किंवा नाही, तुळशीपुढे दिवा आहे किंवा नाही, यावरून आपल्या आज्या त्या घरची घडी ओळखीत. तिकडे तीच परीक्षा गवताची होते. या प्रथेचे मूळ इंग्लंडातील जमीनदारांच्या वाड्यांत आहे. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली गवत कापण्याचे यंत्र काढले, तेव्हापासून विळे घेतलेल्या माणसांची रांग पदरी नसलेल्यासही हिरवळ राखणे शक्य झाले. पुढे १९४७ पासून न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे लेव्हिट कंपनीने एकसारखी हजारो घरे बांधली, तेव्हा हंगामात आठवड्यातून एकदा गवत कापलेच पाहिजे अशी अट रहिवाशांवर घालण्यात आली होती. आता अट नसली तरी शेजाऱ्याची नजर आहे, आणि ती अटीहून कडक असते. २००५ साली उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेल्या एका मोजणीत त्या देशातील हिरवळींचे क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर भरले. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून हे अधिक आहे, आणि त्यावर खाण्याजोगा एक दाणाही पिकत नाही.

न्यूयॉर्कहून नैर्ऋत्येस निघालेली आगगाडी नुअर्क, एलिझाबेथ, रॉवे अशी स्थानके घेत तासाभरात एडिसन या गावी येते. ज्या थोर संशोधकाने येथील मेन्लो पार्क या भागात आपली प्रयोगशाळा थाटली होती, त्याचेच नाव गावास १९५४ साली देण्यात आले. आज या गावात आणि आसपास आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे. ओक ट्री रोड नावाच्या रस्त्यावर उभे राहिले तर साडीची दुकाने, मिठाईची दुकाने आणि वाण्याची दुकाने पाहून आपण समुद्र ओलांडला आहे हे विसरावयास होते. आमचा मुक्काम येथील एका मराठी कुटुंबात होता. घरात आजी, त्यांचे चिरंजीव, सूनबाई आणि नुकतीच रांगू लागलेली नात अशी चार माणसे. आजी सहा महिने पुण्यास आणि सहा महिने तिकडे अशा राहतात.

श्रावण संपत आला होता. गणेशचतुर्थी जवळ आली म्हणून आजींनी घराच्या भोवती दूर्वांचा शोध आरंभिला. शेजारच्या मराठी घरातील दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोठ्या उत्साहाने ओंजळभर गवत खुडून घेऊन आला. आजींनी एक काडी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि हसून म्हटले, "अरे बाळा, ही दूर्वा नव्हे. दूर्वेची बोटे एकाच ठिकाणाहून फुटतात. ही बघ, एक वर आहे, एक खाली आहे." त्या मुलाने आणलेल्या गवताच्या तुऱ्यास दूर्वेसारखीच चार-पाच लांब बोटे होती, परंतु ती देठावर किंचित अंतराअंतराने फुटलेली होती. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक न उघडता आजींनी जो भेद सांगितला, तोच शास्त्रज्ञही सांगतात. ते गवत म्हणजे क्रॅबग्रास, आपल्या भाषेत खेकडा-गवत. मध्यापासून चहूकडे जमिनीलगत पसरलेल्या त्याच्या काड्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले.

या गवतामुळे त्या घरात एक प्रश्न उभा राहिला होता. पुढील हिरवळीचा मोठा भाग त्याने व्यापला होता. हिरवळींवर औषध फवारणाऱ्या एका मंडळींचा माणूस येऊन दर सांगून गेला होता. शेजारच्या हिरवळीत तशी फवारणी झाली असून कडेला एक इवलीशी पाटी रोवलेली होती. मुलांनी आणि पाळीव जनावरांनी तूर्त या गवतावर येऊ नये, असे तिच्यावर लिहिले होते. चिरंजीवांचे म्हणणे, सारा रस्ता करतो तसे आपणही करावे. सूनबाईंचे म्हणणे, मूल दिवसभर त्या गवतावर रांगते आणि हाती येईल ते तोंडात घालते, तेव्हा थांबावे. आजींनी विचारले, "हे औषध कोणी पारखून पाहिले आहे की नाही? आणि काय पाहिले आहे?" हा प्रश्न आम्हांस फार योग्य वाटला. त्याचे उत्तर जेथे मिळण्याचा संभव, ते ठिकाण आगगाडीने पुढचेच स्थानक होते.

न्यू ब्रन्सविक हे रॅरिटन नदीकाठचे गाव रट्गर्स विद्यापीठाचे होय. १७६६ साली क्वीन्स कॉलेज या नावाने हे विद्यालय स्थापन झाले. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली येथेच सापडले. गावाच्या दक्षिणेस, हमरस्त्याच्या गजबजाटापासून फार दूर नाही अशा जागी, विद्यापीठाचे उद्यानविद्येचे शेत आहे आणि त्यात गवतावरील संशोधन चालते. या शेताची कीर्ती मोठी आहे. रीड फंक (१९२८–२०१२) या शास्त्रज्ञाने आपले आयुष्य येथे गवताच्या सुधारित जाती काढण्यात घालविले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये माणसांच्या पायांखाली तुडविली जाऊनही टिकून राहिलेली गवताची रोपे गोळा करून त्यांपासून त्याने ‘मॅनहॅटन’ नावाची रायग्रासची जात सिद्ध केली आणि ती १९६७ साली प्रसृत झाली. जे तुडविले गेले तरी मेले नाही तेच बियाणे धरावे, हा विचार आमच्या मनास फार भावला.

ऑगस्टमधील त्या सकाळी आम्ही शेतावर गेलो तेव्हा प्रथमदर्शनी एखादी मोठी रजई वाळत घातल्यासारखे दृश्य दिसले. सुमारे एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असे वाफे ओळीने आखलेले. प्रत्येकाच्या कोपऱ्यास खुंटी. कोठे गर्द हिरवा चौकोन, कोठे पिवळट, कोठे करडा, आणि मधूनच एखादा चक्क पांढरा. तणांचा विभाग पाहणाऱ्या संशोधकाने आमचे स्वागत केले आणि पहिलेच वाक्य असे उच्चारले, की आम्हांस हसू आवरेना. तो म्हणाला, "यंदा आमचे क्रॅबग्रास फार छान आले आहे." सारा देश ज्याचा नाश करू पाहतो, त्याची येथे मुद्दाम जोपासना होते. ज्या जागी तण नाही तेथे तणनाशकाची परीक्षा कशी होणार? म्हणून वसंताच्या आरंभी हिरवळ अगदी खरडून कापतात, वर क्रॅबग्रासचे बी पेरतात, पाणी देतात, आणि शत्रू चांगला बळावेल अशी तजवीज करतात. मल्लाची परीक्षा दुबळ्याशी कुस्ती लावून होत नाही, हे आपल्या तालमींतील वस्ताद जाणतच असत.

या शत्रूचे चरित्र थोडक्यात सांगितले पाहिजे. क्रॅबग्रास एका वर्षाचे धनी. वसंतात वरच्या थरातील माती काही दिवस सुमारे १३ अंश सेल्सिअसपर्यंत उबदार राहिली, की त्याचे बी रुजू लागते. हिवाळ्याच्या पहिल्या कडक दहिवराने ते मरते. मरण्यापूर्वी एकेक जोमदार रोप हजारोंनी बी टाकून जाते, आणि मोकळी जागा व भरपूर ऊन मिळाले तर ही संख्या लाखाच्याही पुढे जाते. हे बी मातीत वर्षानुवर्षे वाट पाहत राहू शकते. तिकडच्या हिरवळीतील ब्लूग्रास आणि रायग्रास ही गवते थंडीची. आपल्या गव्हाच्या स्वभावाची. क्रॅबग्रासची प्रकृती ज्वारी, मका, ऊस यांच्या जातीची. उन्हातून अन्न करण्याची त्याची रीत निराळी असून कडक उन्हात आणि थोड्या पाण्यात ते चढते. जुलैच्या काहिलीत ब्लूग्रास मरगळून झोपी जाते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या उशाशी क्रॅबग्रास हातपाय पसरते. गव्हाच्या शेतात भर वैशाखात ज्वारी उगवावी, असा हा प्रकार आहे.

म्हणून त्यावरचे इलाज दोन प्रकारचे. पहिला, उगवण्यापूर्वीचा. प्रोडायमीन, पेंडिमेथॅलिन, डायथायोपिर ही औषधे मातीच्या वरच्या थरात एक पातळ पडदा धरून राहतात. बी रुजते, परंतु कोंबाची पेशी विभागू शकत नाही; मूळ खुंटते आणि रोप वर येण्यापूर्वीच संपते. यात वेळ साधणे हे मर्म आहे. उशीर झाला तर रोप वर आलेले असते. फार लवकर टाकले तर उन्हाळा संपण्यापूर्वीच पडदा विरतो. तिकडे फोर्सिथिया नावाचे पिवळ्या फुलांचे झुडूप वसंतात बहरते. त्याची फुले गळू लागण्यापूर्वी औषध पडले पाहिजे, असा बागाइतांचा ठोकताळा आहे. मृगाचा किडा दिसला की पेरणीस लागणारा आपला शेतकरी आणि फोर्सिथियाकडे पाहणारा जर्सीचा माळी यांचे पंचांग एकाच जातीचे म्हणावयाचे. एक मात्र ध्यानात ठेवावे लागते: हा पडदा आपपर जाणत नाही. त्यावर चांगल्या गवताचे बी पेरले तर तेही त्याच मार्गाने जाते.

दुसरा इलाज, उगवून आल्यानंतरचा. क्विनक्लोरॅक हे औषध वाढलेल्या क्रॅबग्रासवर फवारतात. ते मरते आणि भोवतीचे ब्लूग्रास राहते. आम्ही ज्या पांढऱ्या वाफ्यांकडे बोट दाखविले ते मेसोट्रायोनचे. या औषधाने पानातील रंगद्रव्यांचे कार्य बिघडून तण पांढरेफटक पडते व मग वाळते. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसे उगवत नाही. त्या झाडातील द्रव्याचा माग काढता काढता पुढे या जातीची औषधे तयार झाली. लाल बाटलीब्रशासारखी फुले येणारे हे झाड आपल्या पुण्यामुंबईच्या बंगल्यांच्या आवारात पुष्कळांनी पाहिले असेल; त्याच्या सावलीत एवढे शास्त्र दडले असेल, अशी कल्पना मात्र आली नसेल.

वाफ्यांची मांडणी पाहण्यासारखी होती. एकेका औषधास एकच वाफा न देता तीन-चार वाफे देतात, आणि कोणते औषध कोठे पडावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोपवितात. कारण एका कोपऱ्यातील माती मुळातच बरी असेल तर तिचे श्रेय औषधास मिळावयाचे. फवारणारा मनुष्य पाठीवर पंप बांधून ठरलेल्या दाबाने, ठरलेल्या चालीने चालतो. पुढे आठवड्यामागून आठवडे प्रत्येक वाफ्यासमोर उभे राहून तण शेकडा किती हटले याचा अंदाज लिहितात. हिरवळीच्या रूपास एक ते नऊ असे गुण देतात. कोणत्या वाफ्यात काय पडले याचा कागद गुण देतेवेळी बाजूस ठेवला तर उत्तम. म्हणजे मनातील आवडनिवड लेखणीत उतरत नाही.

या साऱ्या वाफ्यांत आमच्या मनात भरला तो एक कोरा वाफा. त्यावर काहीही फवारलेले नव्हते आणि तो क्रॅबग्रासने तुडुंब भरला होता. अजाण पाहुण्यास वाटावे, की येथे कोणी हयगय केली. वस्तुतः सर्व शेताचा साक्षीदार तोच. शेजारच्या वाफ्यात तण नाही हे औषधामुळे, की यंदा पाऊस कमी म्हणून, की बीच रुजले नाही म्हणून, याचा निवाडा तो कोरा वाफा करतो. "हा वाफा नसेल तर आमच्या बाकीच्या आकड्यांस काही अर्थ नाही," असे तो संशोधक म्हणाला. औषधाच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रे असतात. ‘काहीच केले नसते तर’ हे तिसरे चित्र नसते. आपल्या घरांतही कित्येक काढे, चूर्णे आणि गंडेदोरे या तिसऱ्या चित्राच्या अभावीच नावारूपास आलेली आहेत, हे कबूल करावयास हरकत नसावी.

आता आम्ही आजींचा प्रश्न पुढे ठेवला. त्याने तो नीट ऐकून घेतला आणि आढेवेढे न घेता उत्तर दिले. या वाफ्यांस विचारलेला प्रश्न एवढाच, की तण मेले का आणि गवत जगले का. त्याचे उत्तर ते चोख देतात. रांगणाऱ्या मुलाच्या हातास काय लागते, पोटातल्या गर्भास काय पोचते, पावसाने वाहून नदीत काय जाते, हे त्यांस कोणी विचारलेले नाही. ते प्रश्न अन्यत्र, प्रयोगशाळांत, निराळ्या लोकांनी विचारावयाचे असतात, आणि त्यांवर परवाना देण्याचे काम वॉशिंग्टनच्या पर्यावरण खात्याचे. डब्यावरील चिठ्ठीत फवारा वाळेपर्यंत त्यावर जाऊ नये वगैरे जे निर्बंध असतात, ते त्या दुसऱ्या परीक्षेतून आलेले. ते अक्षरशः पाळावे. त्यापलीकडचे आश्वासन वाफ्यांच्या नावावर कोणी देऊ लागल्यास ते घेऊ नये.

हे उत्तर किती जबाबदारीचे होते, हे पुढील दोन गोष्टींवरून कळून येईल. डीसीपीए नावाचे औषध १९५८ साली अमेरिकेत प्रथम नोंदले गेले, ते हिरवळीत उगवणाऱ्या क्रॅबग्राससारख्या वार्षिक गवतांवरच. वाफ्यांच्या परीक्षेत ते उतरले होते. पुढे ते कोबी, ब्रोकोली, कांदा यांच्या शेतांतही गेले. दोन पिढ्या गेल्यानंतर असे दिसून आले, की गरोदर स्त्रीच्या शरीरात ते गेल्यास गर्भाच्या थायरॉईड द्रव्याचे प्रमाण बिघडू शकते, आणि त्याचा परिणाम बालकाच्या मेंदूच्या वाढीवर जन्मभर राहू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने त्याचा वापर तातडीने बंद केला. असा तातडीचा अधिकार सुमारे चाळीस वर्षांत वापरला गेला नव्हता. म्हणजे तण मेले का, या प्रश्नाचे उत्तर १९५८ सालीच बरोबर मिळाले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यावयास सहासष्ट वर्षे लागली.

दुसरी गोष्ट इम्प्रेलिसची. ड्यूपाँट कंपनीचे हे औषध क्रॅबग्राससाठी नव्हे, हिरवळीतील रुंद पानांच्या तणांसाठी होते. २०१० साली ते बाजारात आले. थोडक्या मात्रेत काम करणारे आणि माणसास कमी बाधक, अशी त्याची ख्याती झाली होती. २०११ च्या वसंतात हिरवळींच्या कडेचे नॉर्वे स्प्रूस आणि व्हाइट पाइन हे वृक्ष शेंड्याकडून करपून वाकडे होऊ लागले. गवताखालून वृक्षांची मुळे पसरलेली असतात आणि औषध त्यांतून वर चढत होते. त्या ऑगस्टमध्ये विक्री थांबविण्यात आली. परंतु तोवर अनेक राज्यांत वर्षानुवर्षांचे वृक्ष गेले होते. गवताने साक्ष खरी दिली होती. वृक्षांची साक्ष वेळेवर घेतली गेली नाही. त्याहून मागे गेले, तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि मध्यास याच हिरवळींवर शिशाचे आर्सेनेट आणि पाऱ्याची संयुगे पडत असत. क्रॅबग्रासवर त्यांचा गुण येत असे, हेही नमूद केले पाहिजे. गुण येत असे म्हणूनच ती इतकी वर्षे चालली.

यावरून सर्व औषधे विष आणि सर्व शास्त्रज्ञ कंपन्यांचे हस्तक, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. प्रोडायमीन आणि आर्सेनेट यांस एका मापाने मोजता येत नाही, आणि हे भेद कळले तेही संशोधनानेच. परंतु ज्या कामासाठी ही सारी सामग्री, ते काम किती मोलाचे, हा विचार प्रत्येक समाजाने स्वतः करावयाचा असतो. कॅनडातील क्युबेक प्रांतात हडसन नावाचे लहानसे गाव आहे. केवळ शोभेसाठी अशी औषधे फवारू नयेत, असा नियम त्या गावाने १९९१ साली केला. फवारणीचा धंदा करणाऱ्यांनी दावा लावला. तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००१ साली न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पुढे २००९ साली ओंटारिओ प्रांतानेही शोभेच्या हिरवळीवरील पुष्कळ औषधांस बंदी केली. पिकासाठी जे साहस क्षम्य, ते शोभेसाठी क्षम्य असेलच असे नाही, हे या निर्णयांमागील तत्त्व होय.

मग तणास मोकळे रान द्यावे काय? शेताच्या दुसऱ्या बाजूस या प्रश्नाचे साधे उत्तर पाहावयास मिळाले. तेथे फवारणी न करता दोनच गोष्टी निराळ्या ठेवलेल्या होत्या: एका पट्टीतील गवत अगदी आखूड कापलेले, दुसरीतील तीन-साडेतीन इंच वाढू दिलेले. आखूड पट्टीत क्रॅबग्रासची गर्दी होती. उंच पट्टीत ते शोधावे लागत होते. कारण उघड आहे. त्याच्या कोवळ्या रोपास ऊन हवे असते. उंच आणि दाट गवत त्यावर सावली धरते. ज्यास आपले घरमालक नीटनेटकेपणा समजतात, तो आखूड काप म्हणजे तणास धाडलेले आमंत्रणच होय. आयोवा राज्याच्या विद्यापीठात निक ख्रिश्चन्स यांस आणखी एक उपाय अकस्मात सापडला. बुरशीवरील प्रयोगासाठी मक्याचे पीठ टाकलेल्या जागी पेरलेले गवत नीट रुजेना, हे त्यांनी पाहिले. त्यातून मक्याच्या ग्लूटेनचा भुसा हे उगवण रोखणारे द्रव्य म्हणून पुढे आले आणि १९९१ साली त्याचे पेटंट मिळाले. तो जनावरांच्या खाण्यातलाच जिन्नस आहे. तथापि तो पुष्कळ लागतो, महाग पडतो आणि सर्व ठिकाणी सारखा गुण देत नाही. वाफ्यांची परीक्षा घरगुती उपायासही सोडीत नाही, हे योग्यच आहे.

परतण्यापूर्वी आम्ही त्या संशोधकास दूर्वांविषयी विचारले. त्याने एका कोपऱ्यात नेऊन दाखविले, "हे तुमचे गवत. आमच्याकडे हे तण." दूर्वा तिकडे बर्मुडाग्रास या नावाने ओळखली जाते. न्यू जर्सीच्या थंड हिरवळीत ती घुसली तर काढता काढता माळी हैराण होतो. हरळी काढताना आपला शेतकरी होतो तसाच. परंतु दक्षिणेस जॉर्जिया राज्यात तीच पूज्य आहे. टिफ्टन येथे ग्लेन बर्टन (१९१०–२००५) यांनी आपल्या या दूर्वेचा आफ्रिकेतील तिच्या बहिणीशी संकर करून ज्या जाती काढल्या, त्यांवर आज मोठमोठी क्रीडांगणे उभी आहेत. आणि ज्या क्रॅबग्राससाठी ही सारी शस्त्रास्त्रे, त्याचीही ओक्लाहोमा राज्यात ‘रेड रिव्हर’ नावाची निवडक जात असून गुरांच्या चाऱ्यासाठी तिचे बी विकले जाते. तण ही वनस्पतीची जात नव्हे. ते तिच्या जागेवरून आपण ठेवलेले नाव आहे. एकीकडे देवाच्या मस्तकी चढणारी दूर्वा दुसरीकडे खुरप्याची धनी होते.

एडिसनच्या घरी त्या रात्री जेवणानंतर सर्वांनी बसून विचार केला. चिरंजीवांनी कापण्याच्या यंत्राचे पाते वर चढविण्याचे मान्य केले. मूल चालू लागून हात तोंडात घालण्याचे वय जाईपर्यंत फवारणी करू नये, असे ठरले. थंडीपूर्वी, म्हणजे सप्टेंबरात, मोकळ्या जागी चांगल्या गवताचे बी टाकावे आणि दाट ठिगळ बसवावे, असाही बेत झाला. क्रॅबग्रासची मोठी रोपे बी धरण्यापूर्वी हाताने उपटण्याचे काम आजींनी आपणाकडे घेतले; निंदणीची सवय हातांतून जात नाही, असे त्या म्हणाल्या. गणपतीच्या दूर्वा मात्र ओक ट्री रोडवरून विकत आणाव्या लागल्या.

पुढल्या उन्हाळ्यात सूनबाईंचे पत्र आले. हिरवळ पहिल्यापेक्षा दाट झाली आहे. परंतु मोटारीच्या वाटेलगत, जेथे फरशी तापते, तेथे क्रॅबग्रास आहेच. शेजाऱ्यांच्या हिरवळीइतकी आपली सरस नाही, असे त्यांनी लिहिले होते. आणि त्याखाली, नात आता सारा दिवस त्या गवतावरच असते, असेही लिहिले होते.

आपल्या शहरांतील गृहसंस्थांच्या आवारातही अलीकडे हिरवळी होऊ लागल्या आहेत, आणि संध्याकाळी तेथे मुले व वृद्ध बसतात. माळी पाठीवर पंप बांधून आला, तर त्यास हुसकून देऊ नये आणि डोळे मिटून कामासही लावू नये. डब्यावरील नाव वाचावे. तणावर गुण येतो हे कळल्यावर तेवढ्यावर न थांबता दुसरी परीक्षा कोणी, कशावर आणि किती काळ घेतली, हे विचारावे. आणि काहीच केले नाही तर काय बिघडेल, हेही एकदा मनाशी पाहावे. न्यू जर्सीच्या शेतात या शेवटल्या प्रश्नासाठी एक वाफा कायम राखून ठेवलेला आहे. आपल्या संसारातही तेवढी जागा राखणे कठीण नाही.